भिंतीला तोंड होतं

भिंतीला कान असतात म्हणतात.
आमच्या भिंतीला तोंड होतं.
पलीकडं मानवतची जिनिंग, चोवीस मशिनी,
अलीकडं आमची खोली, वर पत्रा,
मधे एका विटेची जाडी.

काटापूजनानंतर नवव्या दिवशी अंगद जन्मला.
बारशाला आत्यानं कानात नाव सांगितलं,
बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले.
नाव कानात गेलं
की मधल्यामधे मशीनच घेऊन गेली,
कोण जाणे.

आई कवडी वेचायला. मी नऊ वर्षांची,
झोळीची दोरी माझ्या अंगठ्याला.
रडला की मी झोळी भिंतीला टेकवायची.
भिंत थरथरायची, तो निवायचा.
हा शोध माझा.
आई सगळ्या गल्लीला सांगायची,
लई गुणाचं लेकरू,
एवढ्या घरघरीत झोपायलंय बघा.

होळीला मिल बंद झाली आणि अंगद जागा झाला.
सात रात्री.
कुणी अंगावरचं पांघरूण ओढावं
तसा शांततेला दचकायचा.
मग मी तेलाचा रिकामा डबा घेतला, लाटणं घेतलं,
रात्री दोनपर्यंत बडवलं.
तेव्हा कुठं डोळा लागला त्याचा.
अशा चार होळ्या.

मला तो एवंता म्हणायचा.
आम्ही हसायचो, लाडानं म्हणतोय म्हणून.

शाळेत गिराम सर म्हणाले, पोरगं हट्टी आहे.
हाक मारली तर बघत नाही,
मागून खांद्याला हात लावला तर गुद्दा मारतं,
हळू बोल म्हटलं की ओरडतं,
आणि वर्गात गलका झाला
की बाकाखाली जाऊन बसतं, कान दाबून.
ही वही बघ, म्हणाले.
शेत नव्हतं, एत होतं.
फूल नव्हतं, ऊल होतं.
पाऊस अर्धाच पडला होता.
स, श, फ
त्याच्या वहीत कधी आलेच नाहीत,
जणू आमच्या गल्लीत ते राहतच नव्हते.
सर एका गाळलेल्या अक्षराला एक छडी देत.

परभणीला मीच नेलं, अकरावीचे तास बुडवून.
काचेची खोली. आवाज आला की बोट वर करायचं.
आत शिरताच तो टाचेनं खुर्ची बडवायला लागला,
इतकं शांत होतं तिथं.
नसीम मॅडमनी चॉकलेट दिलं, पाय धरून बसवले.
कागदावर रेघ निघाली,
आधी बांधासारखी सरळ,
मग एकदम विहिरीत उतरलेली.

कावीळ झाली होती? नाही.
मोठा ताप? नाही.
घरात कुणी बहिरं? नाही.
बाळाला झोपवत कुठं होता?

मी रेघेकडं बघत राहिले.

एकट्या आवाजानंच झालं, असं छातीवर हात ठेवून
सांगता यायचं नाही, त्या म्हणाल्या.
पण झोळी जरा लांब असती तर
आणि वाक्य तिथंच सोडलं त्यांनी.
मला ते पूर्ण ऐकू आलं.

आता कानात मशीन आहे. ही लहान, शेंगदाण्याएवढी.
परवा अंगणात उभा होता, आई झाडत होती.
ताई, झाडू काहीतरी बोलायलाय.
काय म्हणतो?
बराच वेळ ओठ जुळवत राहिला.
मग मशीन काढून खिशात टाकली
आणि गोट्या खेळायला गेला.

यंदा काटापूजनाच्या आदल्या दिवशी
सत्त्वशीलानं तिच्या खोलीत झोळी बांधली,
भिंतीला लागून, दुसरी जागाच नाही.
मी न विचारता आत गेले.
गाठ सोडली, पिंप सरकवलं,
दाराकडच्या वाशाला बांधली.
लेकरू रात्रभर रडायलंय.
ती मला पत्र्याआडून शिव्या देते,
तुझ्या अंगदसारखं गुणाचं नाही माझं, म्हणते.
रडू दे.
मी जागी आहे.